उशिराचा चुना

लोक पावसाला भितात, विजेला भितात, फुरशाला भितात. मी दंवाला भिते. डिचोलीत थंडी पडायला लागली, सकाळी जनेलाच्या काचेवरून बोट फिरवलं की ते ओलं व्हायला लागलं, की माझं डोकं फिरतं. गच्चीवरचे कपडे मी दुपारी चारलाच काढते. शेजारीण हसते. "टीचर, पावस येता की कितें?" म्हणून विचारते. तिला मी काहीतरी उत्तर देते आणि कपडे घडी न घालता आत फेकते. पाऊस निदान आरडाओरडा करत येतो, छपरं वाजवतो, माणसाला सावध करतो. दंव चोरपावलांनी येतं. ते कधी पडलं कुणाला कळत नाही, आणि सकाळी उन्हात चमकायला लागलं की लोक त्याचे फोटो काढतात. मला त्या लोकांचाही राग येतो.

या वर्षी दंवाबरोबर एक मुलगीही आली. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची लेक, अकरावीतली, हातात वही. समुद्राचं पाणी हळूहळू आंबट होत चाललंय, तर त्यात कुठल्या जीवांची कवचं आधी विरघळतील, असा तिचा प्रकल्प. मी तिला एका दमात सांगितलं. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, एवढं तुझं पुस्तक सांगतं. पण समुद्रात मॅग्नेशियम भरपूर असतं. काही जीव ते कवचात घेतात, काही दारातच अडवतात. कालवं फार थोडं घेतात, तिसऱ्या जवळजवळ नाहीच. समुद्रातले काटेरी गोळे आणि दगडांवर चढणारी गुलाबी खपली मात्र ते भरभरून घेतात. मॅग्नेशियमचा कण कॅल्शियमपेक्षा लहान. तो कॅल्शियमच्या जागेवर बसतो खरा, पण ती जागा त्याच्या मापाची नसते, आणि आजूबाजूची सगळी मांडणी ताणली जाते. असं ताणलेलं कवच पहिलं विरघळतं. मुलीने भराभरा लिहून घेतलं आणि मान वर करून विचारलं, "टीचर, पुस्तक उगडिनासतना तुमकां इतलें कशें याद?" मी तिला चहा-बिस्किटं दिली आणि घरी पाठवली.

तिच्या प्रश्नाचं उत्तर आधी माझ्या भावाला द्यायला हवं होतं. दादाला दिसत नाही. त्याचे डोळे गेले त्यात माझा हात होता, आणि हे मी त्याला कधी सांगितलं नाही. गोव्याला राज्य होऊन जितकी वर्षं झाली, तितकी वर्षं मी तोंड मिटून बसले आहे. मधल्या काळात मी शेकडो मुलांना खरं बोलावं म्हणून दटावलं, कॉपी करणाऱ्यांना वर्गाबाहेर काढलं. स्वतःची वेळ आली की मात्र दातखिळी.

आमचं घर पेडण्यात, तेरेखोल नदीच्या काठी. बाबांची चुन्याची भट्टी होती. पावसाळा सरला, नदी निवळली की नदीच्या मुखाकडून मेलेल्या शिंपल्यांच्या होड्या भरून यायच्या. आमच्याकडे गावकरी दसऱ्यानंतरचे दिवस भातावर मोजायचे, आम्ही शिंपल्यांवर मोजायचो. कालवं, तिसऱ्या, खुबे, सगळ्यांचे ढीग अंगणात. ते धुवायचे, वेचायचे, मग गोल भट्टीत नारळाच्या सोडणांचा थर, लाकडाचा थर, शिंपल्यांचा थर असे रचायचे आणि खालून आग द्यायची. शिंपले आत तडतडत फुटायचे. कधी एखादा तुकडा भट्टीच्या तोंडातून उडून दंडाला चावायचा. लहानपणी मला वाटायचं आत कुणीतरी दात खातंय. दोन दिवसांनी जे उरायचं ते पांढरं, हलकं, कोरडं. त्याला आम्ही जिता चुना म्हणायचो. शाळेच्या पुस्तकात त्याचं नाव चुनकळी. जिता हेच नाव बरोबर होतं, कारण त्याला पाणी दाखवलं की तो उठायचा.

इथे एक शब्द सांगायला हवा. आमच्याकडे दिवा विझवत नाहीत, पालवतात. चूल पालवतात, डोंगरावरचा वणवा पालवतात. भट्टीवर मात्र जित्या चुन्यावर पाणी ओतायलाही पालवणंच म्हणत. बाहेरच्याने ऐकलं तर त्याला वाटावं, काहीतरी शांत करण्याचं काम आहे. प्रत्यक्षात पहिली बालदी पडली की क्षणभर काही होत नसे. मग ढीग खालून फुगायचा, खडे फाटायचे, वाफेचा लोट उठायचा आणि पांढरे थेंब माणसाच्या उंचीपर्यंत उडायचे. हे काम करायचं म्हणजे तोंडाला फडकं गुंडाळून, लांब दांड्याचं फावडं घेऊन, वाऱ्याकडे पाठ करून. सगळा जाळ आत संपला, राखेसारखी भुकटी उरली, की चुना मेला. मग तो कुठेही न्या, कुणीही हात घाला.

हे काम तुळसाबाय करायची. ती नदीपलीकडची, सिंधुदुर्गातली. रोज सकाळी फेरीबोटीने यायची आणि संध्याकाळच्या बोटीने जायची. तिच्या दोन्ही हातांवर चुन्याचे जुने डाग होते, पाठीवर भाजल्याची एक खूण होती आणि जिभेला कसलाही आडपडदा नव्हता. बाबा मालक होते, पण भट्टीवर शब्द तिचा. शिंपले वेचायला ती स्वतः बसायची. काटेरी गोळ्यांची कवचं, गुलाबी खपल्या चढलेले खडे ती ढिगातून उचलून सरळ नदीत भिरकावायची. मी एकदा विचारलं, का टाकतेस, तीही जळून पांढरीच होतात की.

"ह्यो उशिराचो," ती म्हणाली. "आज पाणी घातलस तर गप रवतलो. मेलो असो वाटतलो. आणि मगे सहा म्हयन्यांनी भितीत उठतलो. लोकांच्या घराचो गिलावो फोडतलो, आणि गाळी माका पडतले."

तिचं म्हणणं शब्द न् शब्द खरं होतं. हे मला पणजीत एम.एस्सी. करताना कळलं. मॅग्नेशियमवालं कवच भट्टीत लवकर फुटतं, पण चुन्याला लागणाऱ्या आगीत त्याचा मॅग्नेशिया पोळून निबर होतो. निबर मॅग्नेशिया पाणी पटकन घेत नाही. महिनोन्महिने घेत नाही. मग भिंतीत बसल्या जागी हळूहळू पाणी पितो, फुगतो आणि गिलाव्याचे डोळे पाडतो. माझा शेवटच्या वर्षाचा प्रबंधही शिंपल्यांतल्या मॅग्नेशियमवर होता. मी नदीमुखाचे शिंपले बाटल्यांत भरून पणजीला न्यायचे, आम्लात विरघळवायचे आणि ब्युरेटसमोर बसून लाल द्रावण निळं होण्याची वाट पाहायचे. कालवं, तिसऱ्या, काटेरी गोळे, गुलाबी खपली. तुळसाबाय जे बोटांनी वेगळं करायची, तेच मी थेंबाथेंबाने वेगळं केलं. आणि तिला हे सांगायचं सोडून मी स्वतःला तिच्यापेक्षा शहाणी समजू लागले. शिकलेल्या पोरीचं असं होतं. माझं तरी झालं.

राज्य होण्याआधीचा तो हिवाळा. गोव्याची राजभाषा कोंकणी की मराठी, यावरून आंदोलन पेटलं होतं. आमचे बाबा पोथी मराठीत वाचायचे आणि बैलांना शिव्या कोंकणीत घालायचे. यातलं आपलं कुठलं, हे त्यांना आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं. त्या हिवाळ्यात जो तो विचारायला लागला. दुकानदाराला पाटीवरून, मास्तरला हजेरीवरून, बसमधल्या बाईला ती तिकीट कसं मागते यावरून. पाट्यांना डांबर फासलं गेलं. रस्त्यावर फणस-काजूची झाडं आडवी पडली, टायर जळाले, बसच्या काचांचा चुरा कित्येक दिवस रस्त्याकडेला चमकत राहिला. ज्या मैत्रिणीबरोबर मी एका डब्यात जेवले, तिने वसतिगृहात मला पाठमोरी होऊन कपडे आवरले. दगड लागून डोकी फुटली, काही माणसं गेली. मला आजही ते दिवस आठवले की तोंडात जळक्या रबराची चव येते. मी कुठल्या बाजूची होते, असं अजूनही कुणी ना कुणी विचारतं. मी उत्तर देत नाही, चिडते.

कॅल्शियम कार्बोनेटच्याही दोन मांडण्या असतात. कालवाचं कवच एका मांडणीचं, तिसरीचं दुसऱ्या मांडणीचं. सूत्र तेच, कण तेच, रचना वेगळी. हा धडा शिकवताना दर वर्षी वर्गातली दोन-चार हुशार मुलं एकमेकांकडे बघून हसायची, मी पुढे काय बोलणार या अपेक्षेने. मी कधीच बोलले नाही. शिंपले एकमेकांच्या अंगावर दगड टाकत नाहीत, तेव्हा त्यांना या भानगडीत कशाला ओढायचं?

पणजीचे वर्ग बंद पडले आणि मी घरी आले. दोन दिवसांत फेरीबोटही बंद झाली. तुळसाबाय पलीकडे अडकली. इकडे अंगणात शिंपल्यांचा ढीग पडलेला, भट्टी रिकामी. बाबांना पाळी गावात चुना पोचवायचा होता. तिथे खाणीवरच्या माणसांच्या चाळींचं बांधकाम चाललं होतं आणि शब्द दिलेला होता. बाबा ओटीवर येरझाऱ्या घालत होते. मी म्हटलं, वेचायला मी बसते.

मी बसले आणि काटेरी गोळे फेकले नाहीत. गुलाबी खपल्याही फेकल्या नाहीत. अर्ध्या दिवसात काम उरकायचं होतं हे एक कारण. दुसरं कारण असं, की मला वाटलं, थोड्याशा मॅग्नेशियमने काय बिघडतंय. टक्केवारी माझ्या वहीत होती. एवढ्या मोठ्या ढिगात ती कुठच्या कुठे विरून जाईल, असा हिशेब मी मनात मांडला आणि सगळं एकत्र भट्टीत लोटलं. दादा वरून लाकडं रचत होता. माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, आठवीनंतर शाळा सोडून भट्टीवर आलेला. त्याने खाली वाकून एक गुलाबी खडा उचलला, माझ्याकडे बघितलं, आणि परत ढिगात टाकला. मी शिकलेली होते, म्हणून तो काही बोलला नाही.

भट्टी उतरली त्या दिवशी बातमी आली, उद्या सकाळी रस्ता काही तास उघडेल. ट्रक एकच मिळाला. बाबांच्या मते चुना पालवून न्यायला हवा होता आणि त्याच्या दोन खेपा झाल्या असत्या. तिथे मी पुन्हा अक्कल पाजळली. म्हटलं, जिताच धाडा. पालवला की तो पाणी पिऊन जड होतो, ते पाण्याचं ओझं एवढ्या लांब कशाला वाहायचं? तिथे नेल्यावर ते पालवतील. एका खेपेत काम होईल.

"तुळसाबाय आशिल्ली जाल्यार जितो चुनो वाटेर घालूंक दिंवची ना," बाबा म्हणाले. "ह्या दिसांनी तर मुळींच ना."

"तुळसाबायेन खंय केमिस्ट्री केल्या?" मी म्हटलं.

दादा हसला. बाबाही थोडे हसले. लेक एम.एस्सी. करते याचं त्यांना कौतुक होतं, आणि त्या कौतुकाने त्यांचा विवेक गिळला. ह्या दिसांनी म्हणजे दंवाच्या दिवसांत, एवढं साधं मला उमगलं नाही. गोणपाटाच्या पिशव्या भरून ट्रक संध्याकाळीच अंगणात उभा केला. ताडपत्रीला भोकं होती. सकाळी पिशव्या वरून दमट लागत होत्या, तेव्हा दादाने त्यांच्यावर हात फिरवून तो हात विजारीला पुसला, एवढं मी पाहिलं आणि आत चहा ठेवायला गेले.

दादा ट्रकबरोबर गेला. पुढचं मला ड्रायव्हरने सांगितलं. दादा त्याबद्दल कधी बोलला नाही.

वाटेतल्या एका तिठ्यावर रस्ता पुन्हा अडवलेला होता. गावाचं नाव मी लिहीत नाही, माझ्या दोन विद्यार्थिनी तिथे सुना म्हणून नांदतात. अडवणारे कोणत्या बाजूचे होते तेही लिहीत नाही. त्यांनी माझ्या भावाला ज्या शिव्या दिल्या त्या दोन्ही भाषांत सारख्याच आहेत. ट्रक तासभर उन्हात उभा राहिला. दंव प्यायलेला चुना आतल्या आत तापत होता, आणि नऊच्या सुमारास मधल्या पिशव्यांमधून धूर यायला लागला. मग गोणपाटाने पेट घेतला. लोकांना वाटलं, कुणीतरी ट्रक पेटवला. त्या दिवसांत ट्रक पेटवलेच जात होते. जवळच विहीर होती. लोक बालद्या, कळशा घेऊन धावले. हे लक्षात घ्यायला हवं, ते विझवायला धावले होते.

दादा ट्रकच्या फाळक्यावर चढला आणि दोन्ही हात पसरून ओरडला, "पालयनाकात रे! पालयनाकात!"

भट्टीवरच्या माणसाने त्याचा एकच अर्थ घेतला असता, चुन्यावर पाणी घालू नका. तिठ्यावरच्या माणसांनी ऐकलं, आग विझवू नका. पेटलेल्या ट्रकवर उभा राहून एक जवान पोरगा आग विझवू देत नाही, म्हणजे आग त्यानेच लावली, आणि आपल्यावर आळ आणायलाच लावली. एवढा विचार करायला जमावाला क्षणही पुरतो. पहिला दंडुका त्याच्या गुडघ्यावर बसला. तो खाली कोसळला तरी तेच ओरडत राहिला. शब्द दोन्ही बाजूंचा होता, सगळ्यांच्या घरात रोज दिवेलागणीनंतर बोलला जाणारा होता. कुणी त्याच्या पोटात लाथ घातली, कुणी केस धरून त्याला फाळक्याला टेकवून उभं केलं, तोंड पिशव्यांकडे करून. बघ म्हणाले, बघ कशी विझवतो ती. आणि त्याच्या डोक्यावरून दहा-बारा बालद्या एकदम पिशव्यांवर पडल्या.

ड्रायव्हर सांगायचा, आवाज झाला तो गळू फुटल्यासारखा, ओला. पिशव्या फाटल्या आणि पांढरा चिखल उकळत बाहेर आला. ज्याने केस धरले होते त्याचे हात कोपरापर्यंत सोलले गेले. दादाचं तोंड सगळ्यात जवळ होतं.

ज्याने पहिला दंडुका मारला, त्याला त्याच क्षणी कळलं असावं हा चुना आहे. त्याने दादाला उचलून विहिरीच्या कट्ट्यावर झोपवलं आणि त्याच्या पापण्या बोटांनी उघडून कळशीमागून कळशी ओतत राहिला. अर्धा तास. डॉक्टर म्हणाले, असं केलं नसतं तर दोन्ही डोळे तिथेच गेले असते. त्या माणसाचं नाव आम्हांला कधी कळलं नाही. मी त्याला माफ केलेलं नाही. त्याचे उपकारही विसरलेली नाही. या दोन गोष्टी माझ्या पोटात एकमेकींशेजारी पडून आहेत आणि त्यांचं पटत नाही.

उजवा डोळा गेला. डावा वाचला. पंधरा दिवसांनी दादा घरी आला तेव्हा पट्टी सोडली की डाव्या डोळ्याने त्याला खिडकीचे गज मोजता येत होते, वर्तमानपत्रातली मोठी अक्षरं लागत होती. बाबांनी ग्रामदेवतेला नारळ ठेवला. मी पट्ट्या बदलायचे. एके दिवशी तो डोळा चोळायला लागला. वरच्या पापणीच्या आत काहीतरी टोचतंय म्हणाला. पट्टीच्या कापसावर मला एक कण दिसला, मोहरीच्या चौथाईएवढा, पांढरट, कडेला किंचित गुलाबी झाक. मी तो कागदात गुंडाळून ठेवला. वर्ग सुरू झाल्यावर पणजीला नेला. आम्लाच्या थेंबात विरघळवला, त्यात टायटन यलोचे दोन थेंब टाकले आणि वरून कॉस्टिक सोड्याचं द्रावण. पिवळं द्रावण लाल झालं. मॅग्नेशियम. प्रयोगशाळेत आणखी चार जण होते. मी परीक्षानळी धुतली, जाळीवर उपडी ठेवली आणि न्हाणीघरात जाऊन हाताचं मनगट चावलं, रक्त येईपर्यंत.

नुसता मॅग्नेशिया सौम्य असतो, लोक तो पोटासाठी पितात. पण निबर मॅग्नेशियाच्या वेढ्यात अडकलेला चुना उशिरा सुटतो आणि जिथे सुटतो तिथलं मांस खातो. तो कण पापणीच्या घडीत गप्प पडून होता. मेलेला वाटत होता. हे मी सिद्ध करू शकत नाही. डॉक्टरांच्या मते चुन्याची जखम अशीच सावकाश आत उतरते, कण असो वा नसो. असेलही तसं. महिन्याभरात डाव्या डोळ्यावर दूध सांडल्यासारखं पांढरं चढलं, आणि दादाला गज दिसेनासे झाले.

उन्हाळ्यात राज्य झालं. पेडण्यात फटाके वाजले. दादा ओटीवर बसून विचारत होता, कितें जालें, कुणाची वरात? बाबांनी भट्टी पुन्हा लावली नाही. तुळसाबाय फेरी सुरू झाल्यावर एकदाच येऊन गेली. मी तेव्हा पणजीत परीक्षेची तयारी करत होते. ती पुन्हा भट्टीवर का आली नाही, असं मी विचारलं तेव्हा बाबा म्हणाले, भट्टीच नाही तर येऊन काय करील. मला ते पटलं. पुढे ती वारल्याचं कळलं. मी डिचोलीत नोकरीला लागले, लग्न झालं, दादासाठी दर महिन्याला गावी जात राहिले. त्याच्या आवडीची कोंड्याच्या पावाची पोयी न्यायची, अंग पुसायला तुवालो न्यायचा, त्याची नखं कापायची. दर खेपेला ठरवायचं, आज सांगायचं, आणि दर खेपेला परतीची बस धरायची.

त्या मुलीची वही पाहिल्यावर मात्र मला स्वतःची शिसारी आली. दुसऱ्या दिवशी सकाळची बस धरून मी गावी गेले. दादा नदीकडच्या कट्ट्यावर ऊन खात बसला होता. आता मोप्याच्या पठारावरून विमानं उठतात. विमान चढतंय की उतरतंय हे तो आवाजावरून सांगतो आणि कधी चुकत नाही. मी शेजारी बसले. विमान जाऊ दिलं. मग सगळं सांगितलं. गुलाबी खपल्या, काटेरी गोळे, पिशव्या जित्याच धाडायचा माझा हट्ट, कापसावरचा कण, लाल झालेलं द्रावण. मध्ये थांबले नाही, रडलेही नाही. वर्गात धडा सांगतात तसं सांगितलं, कारण दुसरं मला येत नाही. शेवटी म्हटलं, "दादा, तुजे दोळे म्हजेमुळें गेले."

नदीत कुणीतरी जाळं झटकत होतं, त्याचा आवाज येत होता.

"तो गुलाबी खडो हांवें हातांत घेतिल्लो, न्हय?" तो म्हणाला. "परत हांवेंच घालो. माका खबर आसली तो उशिराचो म्हूण."

"मग बोलला का नाहीस?"

"तूं शिकिल्ली." तो हसला. मग म्हणाला, "तुळसाबाय आयिल्ली पळय, फेरी चालू जातकच. तिणें पयलीं भट्टीकडे वचून उरिल्लो चुनो हातार घेतलो. मागीर ओटीर येवन विचारलें, शिंपले कोणी वेचले रे? बाबा थंयच बशिल्लो. हांवें सांगलें, हांवें वेचले. जितो चुनो धाडपाकूय हांवेंच सांगलें. बाबाक म्हळें, तुका याद ना?"

बाबांना सगळं आठवत असणार. तेही तेव्हा गप्प बसले, म्हणजे त्या ओटीवर दोघांनी मिळून मला झाकलं. हे आत्ता, या वयात, कट्ट्यावर बसून मला कळत होतं. तुळसाबाय मरेपर्यंत दादाला दोष देत राहिली. तिला तिच्या भट्टीचा, तिच्या हातच्या चुन्याचा अभिमान होता. त्याने तो मोडला असं समजून ती नदीपलीकडे गेली आणि परत आली नाही.

"तिणें माका मारलें," दादा म्हणाला. "दोळ्यांर पट्टी आसली, तरी मारलें."

"का घेतलंस अंगावर?" माझा आवाज चढला. मला त्याचा भयंकर राग आला होता. आयुष्यभर मी ज्याच्यासाठी मनातल्या मनात कुढले, तो सगळं ओळखून बसला होता, आणि मला कुढू दिलं होतं.

"तुळसाबायेक कळिल्लें जाल्यार तिणें भर गांवांत बोंब मारिल्ली. बाबान तुका पणजेसून घरा हाडिल्ली आसती. म्हजे दोळे गेल्लेच. तुजी परीक्षा कित्याक बुडोवपाची?"

मी विचारलं, "खंयच्या गालार मारलें तिणें?"

"दोनूय," तो म्हणाला. हात चाचपडत त्याने माझं मनगट शोधलं आणि धरून ठेवलं. मग इतक्या वर्षांत जे त्याने एकदाही विचारलं नव्हतं, ते विचारलं.

"त्या परीक्षेक तुका मार्क कितले पडिल्ले गे?"

मला ते पाठ होते, प्रत्येक पेपरचे. मला सांगता आले नाहीत.